कंपनीकडून एम.टेक.ची फी मागायची आहे, साहेबांशी कसं बोलू?

हिंगणारोड:
नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बी.ई. मेकॅनिकल, नोकरीचं पाचवं वर्ष. बिट्स पिलानीचा नोकरी करणाऱ्यांसाठीचा क्वालिटी मॅनेजमेंटमधला एम.टेक. करायचं ठरवून राहिली आहे. चार सेमिस्टर, वर्ग ऑनलाइन, नोकरी सोडावी लागत नाही. पण फी सगळी मिळून तीन लाखांच्या आसपास जाते. धाकट्या भावाचं शिक्षण सुरू आहे, बाबांना मागायचं नाही.

एचआर म्हणतं, "आजवर कोणालाच दिली नाही." प्लांट हेड साहेब माणूस चांगले, पण प्रॉडक्शनच्या आकड्यांपलीकडे त्यांना बोलायला वेळ नसतो. अमेरिकेत कंपनीने दिलेल्या फीवर 5,250 डॉलरपर्यंत करमाफी आहे असं वाचलं. आपल्याकडे असं काही आहे का? आणि फीच्या बदल्यात अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही, असा बाँड मागितला तर द्यावा का?

मिहानकर:
ताई, ते 5,250 डॉलर अमेरिकेच्या कायद्यातलं कलम 127 आहे, तिथे कर भरणाऱ्यांसाठी. आपल्याला लागू नाही. इथे एक काळजी घ्या: फी कंपनीने बिल घेऊन थेट संस्थेला भरावी. पगारात भत्ता म्हणून दिली की त्यावर टीडीएस कापला जातो. कर्ज काढायची वेळ आलीच, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट (1961 च्या कायद्यातलं कलम 80ई) आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही. मात्र ती जुन्या करप्रणालीतच.

बुटीबोरीएचआर:
बेटा, मी बुटीबोरीत एचआरमध्येच निवृत्त झाले. ट्रेनिंगचं बजेट माझ्याच टेबलावर असायचं, म्हणून मनापासून लिहिते आहे.

"आजवर कोणाला दिली नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आजवर कोणी नीट मागितली नाही. लोक येतात आणि म्हणतात, साहेब, मला पुढे शिकायचंय. साहेबांनी काय करावं? शिकणं तुझं, डिग्री तुझी, पैसा कंपनीचा. त्यांना वर मुंबई-पुण्याला सही मागताना सांगायला काही तरी हवं ना. ते तू हातात दे.

तुमच्याकडे आयएटीएफ 16949, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं मानक, असणारच. ऑडिटर आला की कोणाची काय क्षमता हवी, ती कशी वाढवली, याच्या नोंदी मागतो. ट्रेनिंग नीडमध्ये, म्हणजे कोणाला कोणतं ट्रेनिंग हवं त्या यादीत, तुझ्या नावापुढे हा कोर्स चढला की तो तुझा हट्ट राहत नाही, प्लांटची गरज होते. आणि शेवटच्या सेमिस्टरचा प्रबंध कामाच्या जागीच करायचा असतो. मग कंपनीचं जे दुखणं आहे तोच विषय घे. गेल्या वर्षी रिजेक्शन किती, कस्टमरने खराब मालापोटी किती रुपयांच्या डेबिट नोट लावल्या, म्हणजे बिलातून पैसे कापले, हे आकडे तुझ्याच फाइलमध्ये असतील. एका पानावर एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला फी. साहेब आकड्यांचे आहेत म्हणतेस, मग त्यांच्याशी आकड्यांतच बोल. पूर्ण नाही जमलं तर निम्मी माग, किंवा दर सेमिस्टर पास झाल्यावर परतावा माग. याला नाही म्हणणं त्यांनाही जड जातं.

वेळही बघ. नवीन वर्षाचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं. जूनमध्ये गेलीस तर मनात असूनही साहेबांकडे पैसा नसतो.

एक गोष्ट लिहितानाही राग येतो. मुलींची फाइल "लग्न होऊन जाईल" म्हणून बाजूला सरकवलेली मी पाहिली आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मनात असतं. त्याला उत्तर म्हणजे बाँड, आणि तो त्यांनी मागायच्या आधी तूच पुढे कर.

मात्र "बाँडला कोर्टात किंमत नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नको. मे 2025 मध्येच विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेल्या रकमेच्या वर नाही, पण भरावी लागू शकते हे धरूनच सही कर. मुदत कोर्स संपल्यावर दीड-दोन वर्षं, आणि रक्कम दर महिन्याला घटत जाणारी हवी. फी दिली तेवढीच वसुली, पगाराचे तीन महिने वगैरे नको. कंपनीने स्वतः काढलं किंवा प्लांट बंद झाला तर बाँड रद्द, हे वाक्य कागदावर पाहिजेच. ओरिजिनल मार्कशीट आणि कोरा चेक कोणालाही द्यायचा नाही, कितीही ओळखीचे असोत.

हिंगणारोड:
काकू, किती नीट सांगितलंत! आमच्याकडे पोरोसिटीच्या, म्हणजे पार्टमध्ये आत बारीक छिद्रं राहण्याच्या, तक्रारी खूप आहेत, दोन कस्टमर त्यावरूनच चिडलेले आहेत. डेबिट नोटच्या फाइल माझ्याकडेच असतात. तोच विषय धरते. बिट्सला कंपनीतला एक मेंटॉर लागतो. आमच्या क्वालिटी मॅनेजरचं नाव देऊ की साहेबांना विचारू?

बुटीबोरीएचआर:
आधी मॅनेजरला सांग, त्यांना डावलून वर गेलीस असं व्हायला नको. त्यांनाच घेऊन साहेबांकडे जा आणि मेंटॉर म्हणून साहेबांना विचार. पोरोसिटीवर दर महिन्याला त्यांच्यासमोर बसणार असशील तर पुढच्या सेमिस्टरची फी त्यांच्याच लक्षात राहील. एचआरला मेल त्याच दिवशी टाक, मॅनेजरना सीसीत ठेवून. बाँडचा मसुदा आला की सही करायच्या आधी इथे टाक, कंपनीचं नाव खोडून. मी वाचून देते.