‘सोलर जिओइंजिनिअरिंग’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दशोधक: ‘सौर भूअभियांत्रिकी’ हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘स्ट्रॅटोस्फेरिक एरोसोल इंजेक्शन’ला ‘स्थितांबरात धूलिकणांची फवारणी’ चालेल?

नभांगण: पहिला शब्द टाळावा. मराठीत ‘सौर’ लागलं की ऊन वापरायचं असं वाटतं: सौरचूल, सौरपंप. इथे तर पृथ्वी थोडी गार ठेवण्यासाठी ऊन खाली पोचण्याआधी परतवायचं आहे. ‘भू’ने पाया, माती, बोगदे आठवतात. ‘सूर्यप्रकाश परावर्तन’ म्हणा. पृथ्वी मुळातच सुमारे ३० टक्के प्रकाश परतवते. त्यात एक-दोन टक्क्यांची भर घालायची, एवढाच बेत.

‘स्थितांबर’, म्हणजे उंचावरचा हवेचा थर, हा शब्द मात्र चपखल. तिथे वर जावं तशी हवा तापत जाते, म्हणून ती वरखाली ढवळत नाही, पाऊसही नाही. कण वर्षभर किंवा जास्त टिकतात. खालच्या तपांबरातून, म्हणजे ढग-पावसाच्या थरातून, ते काही दिवसांतच धुऊन जातात. तेव्हा नुसतं ‘वातावरणात’ असं मोघम लिहू नका.

‘धूलिकण’ चूक. सोडायचा असतो सल्फर डायऑक्साइड. साधारण महिनाभरात त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे, अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे थेंब होतात. त्यांना, म्हणजे ‘एरोसोल’ला, ‘वायुकलिल’ म्हणावं. वायूचा मारा वाढवला की नव्या थेंबांऐवजी जुनेच फुगतात. मोठा थेंब प्रकाश कमी परतवतो आणि लवकर खाली येतो. म्हणून दुप्पट वायूने दुप्पट गारवा मिळत नाही.

सागरफेन: ‘फवारणी’ ऊन परतवण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठी, समुद्री ढग उजळवण्यासाठी, राखून ठेवा, तिथे खाऱ्या पाण्याचा खरोखरच फवारा असतो. मिठाचे कण मायक्रॉनहून बारीक हवेत. तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं गेलं की ढग पांढरा दिसतो. कण जाड झाले तर पाऊस लवकर पडून ढग विरतो. याला ‘ढगबीजन’ म्हणू नये, कारण तिथे पाऊसच हवा असतो.

शब्दशोधक: ‘हवामानबदलावरचा उपाय’ म्हणावं का?

नभांगण: मी तरी म्हणणार नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकात दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला, पुढच्या वर्षी जग सुमारे अर्धा अंश थंड झालं आणि तो गारवा दोन-तीन वर्षांत ओसरला. हवेतला कार्बन तसाच राहतो, समुद्राचं आम्लीकरणही चालूच राहतं. ‘तात्पुरता उतार’ म्हणा.

सागरफेन: ‘टर्मिनेशन शॉक’साठीही ‘समाप्तीचा धक्का’ नको, त्यात संपणंच ऐकू येतं. परावर्तन अचानक थांबलं तर दाबून ठेवलेली तापमानवाढ थोड्याच वर्षांत वर येते. ‘तापमानाची उसळी’ लिहा.