म्हणे ब्राइटनेस शून्यावर आणा, डोकेदुखी गेलीच!

अर्धशिशी: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘ब्राइटनेस शून्य, डार्क मोड चालू, डोकेदुखी कायमची बंद. बाकी सगळे नखरे.’ प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं नेमकं उलटं झालं. ब्राइटनेस २० वर आणला आणि रोज दुपारी चारच्या सुमारास उजव्या भुवईवर ठणका सुरू. आठ महिने पित्ताला आणि झोपेला दोष दिला. मग एकदा पडद्यावर कोरं पांढरं पान उघडून त्यासमोर पेन्सिल भराभर हलवली. एकसंध धूसर पट्टा दिसायला हवा; मला सुट्या सुट्या सात-आठ पेन्सिली दिसल्या. ब्राइटनेस १०० केल्यावर मात्र पट्टा. म्हणजे हा मॉनिटर उजेड कमी करतच नाही, मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. ब्राइटनेस जितका खाली, तितका तो जास्त वेळ बंद. सगळ्यांना हे बाधत नाही, मला बाधतं. आता ब्राइटनेस वर आणि कॉन्ट्रास्ट खाली ठेवलाय. ठणका गेला.

काळोखप्रेमी: तो ‘एकजण’ मीच. नाव घ्यायला काय झालं होतं? माझा मॉनिटर फ्लिकर-फ्री, म्हणजे न लुकलुकणारा आहे, पेन्सिलही हलवून पाहिली. तुमचं डबडं लुकलुकतं, त्याचं खापर माझ्या माथी का?

अर्धशिशी: ‘बाकी सगळे नखरे’ हे तुमचेच शब्द ना?

सिलिंडर_दीड: डार्क मोडवाल्यांना साष्टांग नमस्कार. चष्म्याला माझ्यासारखा सिलिंड्रिकल नंबर असेल तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पिंजलेल्या कापसासारखी दिसतात. काळ्या पडद्यासमोर डोळ्याची बाहुली मोठी होते, धूसरपणा आणखी वाढतो. ‘मद’ की ‘मंद’ हे कळायला नाक पडद्याला टेकवावं लागतं.

काळोखप्रेमी: मग फॉन्ट मोठा करा की! आणि निळा प्रकाश अडवणारा ब्लू कट चष्मा घ्या. मी घेतला, महिन्याभरात फरक.

निळी_शाई: आला का ब्लू कट! मलाही दुकानात निळा टॉर्च काचेवर मारून दाखवला होता. बघा, पलीकडे जातोय का? टॉर्चचा नाही गेला, डोकेदुखीचं काय? कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०२३ च्या आढाव्यात अशा चष्म्यांच्या १७ चाचण्या तपासल्या. डोळ्यांचा थकवा साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही.

काळोखप्रेमी: म्हणजे माझं डोकं खोटं बोलतं?

निळी_शाई: चष्मा करताना नंबर तपासला होता?

काळोखप्रेमी: हो. अर्ध्याने वाढला होता. त्याचा इथे काय संबंध?

निळी_शाई: 🙏

सिलिंडर_दीड: 😂😂 निळा प्रकाश नाही हो, अर्धा नंबर नडत होता!

काळोखप्रेमी: हसा. दुखणं गेलं ते माझं. आढावे तुम्ही वाचत बसा.

मान_अवघडली: तुमचं चालू द्या. माझा सगळा त्रास प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा निघाला, एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर असतो तो. जवळचा नंबर काचेच्या तळाशी, म्हणून दिवसभर हनुवटी वर करून बसायचे. डोकं दुखायचं ते मानेतून. मॉनिटर चार बोटं खाली घेतला, प्रश्न मिटला. सेटिंगला हातही लावला नाही.

अर्धशिशी: धागा सेटिंगचा आहे, ताई.

मान_अवघडली: म्हणूनच सांगितलं, दादा.

कोरा_कागद: पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा वाटला तर ब्राइटनेस जास्त, मळकट वाटला तर कमी. खोलीतला उजेड बदलला की पुन्हा बघा. एकच आकडा दिवसभर कसा चालेल? आणि पापण्या मिटा जरा. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटतात, पडद्यासमोर निम्म्याहून कमी. इथे भांडताना तर तेवढ्याही नसतील.

अर्धशिशी: कागदाचं पटलं. काळोखप्रेमींच्या खोलीत रात्री बारा वाजता शून्य चालत असेल, हेही मान्य करतो. रात्री बारालाच.

काळोखप्रेमी: उपकार झाले. ब्राइटनेस ३५ वर नेलाय. तुमच्यामुळे नाही, टेबल खिडकीपाशी हलवलं म्हणून.