ओपन माइकला पकणं आलंच

एकांचं म्हणणं आहे की स्टँडअप कॉमेडीच्या ओपन माइकला, म्हणजे नवखे कॉमिक (विनोदवीर) स्टेजवर आपले विनोद करून बघतात तिथे, दहातले आठ जण पकवतात, मग पैसे कशाला घालवायचे? पकवतात हे मान्य. पण तिथे तयार माल बघायला जायचंच नसतं. एकेकाला जेमतेम चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून लाइट दाखवतात, आणि नवखा नेमका तेव्हाच गडबडून पंच, म्हणजे शेवटची हसवणारी ओळ, आधी बोलून मोकळा होतो!

शिवाय अर्धं पब्लिक म्हणजे नंबराची वाट बघणारे कॉमिकच. मान खाली घालून फोनमध्ये स्वतःचंच घोकत असतात. त्यांच्यातला एखादा फिस्सकन हसला, की समजावं ओळ जमलीय.

मुंबईत २०१० साली लोअर परळला 'कॉमेडी स्टोअर' हा स्टँडअपचा क्लब आला, तेव्हा कॉमिक ब्रिटनहून आणायचे. आता भाडिपासारख्या (भारतीय डिजिटल पार्टी) यूट्यूब चॅनेलवाल्यांमुळे मराठीतही स्टँडअप रुळलंय. फक्त ही मंडळी पुणे-मुंबई सोडून जरा पुढे सरकतील तर बरं. परवा ओपन माइकला एका मुलीने सोसायटीच्या मीटिंगमधलं पार्किंगचं भांडण असलं भन्नाट उभं केलं, की शेजारचे काका खुर्चीतून घसरायचे बाकी होते.

जाणार असाल तर पहिली रांग टाळा. विनोद संपले की स्टेजवरून 'काका, काय करता आपण?' सुरू होतं.