‘लिंक्स’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथील गोल्फ मैदानावरच्या एका लेखाचा अनुवाद सध्या हाती घेतला आहे. मूळ लेखात अशा मैदानाला ‘लिंक्स’ म्हटले आहे. पहिल्या खर्ड्यात, रोज संगणकावर दिसणाऱ्या ‘लिंक’च्या सवयीने, मी चक्क ‘दुव्यांवरचा गोल्फ’ असे लिहून बसलो होतो. घरी वाचून दाखवल्यावर हशा पिकला आणि चूक ध्यानात आली. नंतर ‘समुद्रकिनारी गोल्फ मैदान’ असा बदल केला, पण तोही पुरेसा वाटत नाही, कारण मूळ लेखक लिंक्स आणि समुद्राकाठचे इतर कोणतेही मैदान यांत स्पष्ट फरक करतो. शिवाय मैदानाला ‘आव्हानात्मक’ म्हणावे का, आणि पानोपानी येणाऱ्या वाऱ्यासाठी कोणते शब्द योजावेत, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

उत्तर

आपली ‘दुव्यां’ची चूक वाटते तेवढी हास्यास्पद नाही, कारण इंग्रजी वाचकांतही अशी समजूत आढळते की समुद्र आणि शेतजमीन यांना जोडणारा पट्टा म्हणून त्याला लिंक्स म्हणतात. व्युत्पत्ती मात्र वेगळी आहे. जुन्या इंग्रजीतील ‘ह्लिंक’ या शब्दाचा अर्थ चढाची जमीन, उंचवटा किंवा बांध असा होता. त्यावरून स्कॉट बोलीत ‘लिंक्स’ म्हणजे किनाऱ्यालगतची, वाळूच्या टेकाडांची, आखूड गवताने झाकलेली ओबडधोबड जमीन. शेवटचा ‘स्’ दिसत असला तरी एका मैदानालाही लिंक्सच म्हणतात, तेव्हा मराठीत ‘एक लिंक’ असे एकवचन करू नये.

म्हणजे हा शब्द मुळात जमिनीच्या एका जातीचा आहे, खेळाचा नंतर झाला. वाळूत पाणी टिकत नाही, नांगर चालवून फारसे हाती लागत नाही, म्हणून ही जमीन गुरामेंढरांना आणि चेंडू मारणाऱ्यांना मोकळी राहिली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने गोल्फ मैदान असेच आहे. याउलट कॅलिफोर्नियातील पेबल बीच समुद्राला अगदी खेटून असूनही कड्यावर वसलेले असल्यामुळे काटेकोर अर्थाने लिंक्स ठरत नाही. ‘समुद्रकिनारी मैदान’ हा शब्दप्रयोग नेमका इथेच तोकडा पडतो. मला ‘पुळणमाळ’ असा जोडशब्द सुचतो. पुळणीची वाळूही त्यात आली आणि माळाचे गवतही.

‘आव्हानात्मक’बद्दल म्हणाल तर तो शब्द मी खोडून टाकीन. ‘आव्हान’ हे ‘आह्वान’पासून, म्हणजे हाक मारण्यापासून, आलेले आहे; कुस्तीच्या फडात ते शोभते. पण हल्ली अवघड नोकरीपासून अवघड घाटापर्यंत सगळेच आव्हानात्मक झाल्यामुळे या शब्दाला धारच उरलेली नाही. मराठीत ‘कस पाहणारे मैदान’ म्हणता येते, आणि कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहण्याची ती कल्पना इथे बरोबर बसते, कारण वारा सुटला की खेळाडूचा मुलामा उडतो आणि खालचा धातू दिसू लागतो. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितके चांगले; २००२ मध्ये स्कॉटलंडमधील म्यूरफील्डला ब्रिटनच्या ओपन गोल्फ स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी वादळी पावसात टायगर वूड्सला ८१ फटके लागले. त्या वर्षीच्या मास्टर्स आणि यू. एस. ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकून तो तेथे आला होता.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटले, पण ‘पुळणमाळ’ला माझी हरकत आहे. मी रत्नागिरीकडचा. पुळण म्हणजे आमच्या लेखी उघडी वाळू. तिच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरते, त्यामागे सुरूचे बन किंवा केवड्याची बेटे आणि मग लगेच नारळ-पोफळीची वाडी सुरू होते. मधला गवताळ, उंचसखल, कुणाच्याच मालकीचा नसल्यासारखा पट्टा आमच्याकडे बहुधा नसतोच. माळ म्हटले की डोळ्यांसमोर देशावरचा कोरडा माळ येतो आणि सडा म्हटले की जांभ्याचा कातळ. जी जमीनच नाही तिला शब्द कुठून असणार? म्हणून ‘लिंक्स’ हाच शब्द ठेवावा, पहिल्यांदा येईल तेथे दोन वाक्यांत जमीन दाखवावी आणि पुढे निःशंकपणे वापरावा. क्रिकेटमधले ‘विकेट’ आणि ‘ओव्हर’ आपण पचवलेच आहेत.

वाऱ्याबाबत मात्र एक सावधगिरी सुचवतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ येथे वापरण्याचा मोह होईल, तो आवरावा. खारा वारा दिवसा समुद्राकडून येतो आणि मतलई रात्री जमिनीकडून सुटतो. जमीन आणि पाणी कमीजास्त तापण्यातून होणारा तो रोजचा फेरा आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्याला झोडपणारे वारे बहुतांशी अटलांटिकवरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतात. त्यांना ‘सोसाट्याचा वारा’ म्हणावे. तो सुटतो, घोंगावतो, दिशा पालटतो आणि पडतोही. ‘वारा पडला’ या दोन शब्दांत जे येते ते ‘वाऱ्याचा वेग कमी झाला’ यात येत नाही.

एक पुरवणी

फटक्यांच्या वर्णनासाठी आपल्या क्रिकेटच्या समालोचनाकडे वळावे. लिंक्सवर चेंडू उंच उडवला की तो वाऱ्याच्या हवाली होतो; म्हणून जाणते खेळाडू तो खालून काढतात, हिरवळीच्या बऱ्याच अलीकडे टप्पा पाडतात आणि पुढे घरंगळू देतात. ‘टप्पा’, ‘सरपटी’, ‘घरंगळणे’ हे तिन्ही शब्द तयार आहेत, नवे काही घडवायला नको. समोरचा वारा, पाठचा वारा आणि आडवा वारा हे तीन प्रकार सरळ लिहावेत. ‘हिरवळ’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागेल, कारण मराठीत हिरवळ म्हणजे कोणतेही हिरवे गवत, तर इथे ती झेंड्याभोवतीची बारीक कापलेली जागा. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धेत शनिवारी हिरवळीवरचे चेंडू वाऱ्याने जागेवर ठरेनात म्हणून कित्येक तास खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली. असे चेंडू ‘हलले’ म्हणण्यापेक्षा ‘ढळले’ म्हणावे, कारण कुणाचा हात न लागता जागा सुटणे हे ‘ढळणे’ या क्रियापदात जास्त चांगले उतरते.

कार्नूस्टीच्या अठराव्या टप्प्यात (‘होल’मध्ये) आडवा येणारा ‘बॅरी बर्न’ ही नदी नव्हे. स्कॉट बोलीत ‘बर्न’ म्हणजे लहान प्रवाह. कोकणात त्याला पऱ्या म्हणतील, मालवणीत व्हाळ, देशावर ओढा. विशेषनाम तसेच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘बॅरी बर्न नावाचा ओढा’ असे लिहिले की काम भागते.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘पुळणमाळ’ कानाला गोड लागतो, पण रत्नागिरीकरांचा आक्षेप निर्णायक वाटल्याने ‘लिंक्स’च ठेवले आहे. या सूचनांनुसार १९९९ च्या ओपन स्पर्धेचा परिच्छेद पुन्हा लिहिला, तो तपासून पाहावा:

‘कार्नूस्टीच्या लिंक्सने त्या वर्षी सगळ्यांचाच कस पाहिला. पहिल्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात ७१ च्या खाली एकही जण गेला नाही, आणि ७१ वर आघाडी घेतलेला रॉडनी पँपलिंग दुसऱ्या दिवसाअखेर स्पर्धेबाहेर गेला. रविवारी शेवटच्या टप्प्याशी ज्याँ व्हॅन दे व्हेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी जिंकला असता. त्याचा एक फटका प्रेक्षकांच्या सज्जावर आदळून मागे उसळला, पुढचा बॅरी बर्नमध्ये गेला. बूटमोजे काढून, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून तो ओढ्यात उतरला, कमरेवर हात ठेवून पाण्यातल्या चेंडूकडे पाहत राहिला आणि अखेर दंडाचा फटका पत्करून बाहेर आला. सात फटके झाले. बरोबरी फोडण्यासाठी झालेल्या जादा खेळात, सकाळी दहा फटक्यांनी मागे असलेला पॉल लॉरी जिंकला.’

आता एकच खडा दाताखाली येतो आहे. ‘होल’साठी मी ‘टप्पा’ लिहिले आहे आणि चेंडूच्या उसळीसाठीही ‘टप्पा’च आला आहे, ‘अठराव्या टप्प्यात चेंडूचा टप्पा’ असे काहीतरी होऊन बसते. ‘भोक’ लिहिले तर ते फक्त जमिनीतल्या खळीचे नाव होते, सुरुवातीच्या फटक्यापासून तिथवरच्या चारशे-पाचशे यार्डांचे नव्हे. कुणाला दुसरा शब्द सुचला तर कळवावा. नाहीतर ‘लिंक्स’च्या शेजारी ‘होल’लाही जागा करून देतो.