पायाला जखम नाही, तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो का?

प्रश्न: भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहावं लागतं. कुठे कापलेलं नसेल तर धोका नाही ना?

उत्तर १: आहे. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतात. तासन्‌तास भिजून कातडी मऊ पडली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की तेवढी वाट पुरते. डोळ्यात उडालेलं पाणीसुद्धा. पुढे रक्तातून जंतू यकृत, मूत्रपिंडांपर्यंत पोचतात.

उत्तर २: ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात पण चिपडं नसतात. पहिल्या आठवड्यात आयजीएम (लेप्टोची रक्ततपासणी) निगेटिव्ह येऊ शकते, त्यावर निर्धास्त राहू नका.

उत्तर ३: गमबूट घाला, पण आत पाणी शिरलं तर लगेच ओता, नाहीतर पाय भिजतच राहतो. डॉक्सिसायक्लीन ही अँटिबायोटिक गोळी डॉक्टरांना विचारूनच, गरोदर बाईला तर नकोच.