मदत हवी आहे : ससा दत्तक घ्यायचाय, पण रेस्क्यूवाल्यांनी फॉर्म अडवून ठेवलाय

खिडकीपाशी
नमस्कार, घाईत आहे म्हणून थेट लिहिते. एका रेस्क्यू ग्रुपकडून ससा दत्तक घ्यायचाय. मादी आहे, पांढरी, एक कान काळा. कोणीतरी खोक्यात घालून जिन्याखाली सोडून गेलेलं तिला. फोटो बघितल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. फॉर्म भरला, आधार दिलं, व्हिडिओ कॉलवर अख्खं घर दाखवलं आणि आता म्हणतात होल्डवर ठेवलंय. दोन आठवडे झाले! घरात तिघंही तयार आहोत, मुलगी नववीत आहे, ती तर रोज विचारते. दुसऱ्या कोणाला देऊन टाकतील अशी भीती वाटतेय. यांना कसं पटवायचं? मुंबईत कोणी असा ससा घेतलाय का?

जुनाजोगेश्वरीकर
एवढे सोपस्कार कशाला? क्रॉफर्ड मार्केटात जा, अर्ध्या तासात जोडी घेऊन घरी. आमच्या वाडीत गोठ्याच्या बाजूला ससे असायचे, कोणी फॉर्म भरले नव्हते.

वांगीभात
काका, कृपा करून हा सल्ला देऊ नका. मी तीन वर्षं शनिवार-रविवार शेल्टरमध्ये मदतीला जाते. 'जोडी' म्हणून आणतात, महिन्याभरात पिल्लं, आणि मादी व्यायल्या दिवशीच परत गाभण राहू शकते. मग खोकं आणि जिना.
खिडकीपाशी, होल्डचं कारण काय सांगितलं? शब्द आठवत असतील तर तसेच लिहा. ससा कुठे ठेवणार? घरात आधीचा प्राणी आहे का?

गच्चीबाग
सशाच्या लेंड्या कुंड्यांना एक नंबर! शेणखतासारखं कुजवावं लागत नाही, थेट मातीत घालायच्या. माझा मोगरा लदबदलाय.

खिडकीपाशी
नीट कारण नाही सांगितलं हो. "आधी त्याचं बघा, मग बोलू" एवढंच. ठेवणार बाल्कनीत, ग्रिल आहे, वरून ताडपत्री पण टाकू.

विरारलोकल
बाल्कनी कुठल्या दिशेची? पश्चिमेची असेल तर विसरा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. तिशीच्या वर पारा आणि त्यात आपला दमटपणा म्हणजे उष्माघात. माझा ससा ऑक्टोबरात गेला, मेमध्ये नाही, ऑक्टोबरात. दुपारी घरी आलो तर तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता, डॉक्टरकडे पोचेपर्यंत संपलं. घरात ठेवा, फरशीवर, पंख्याखाली, आणि बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

वांगीभात
बाल्कनी आहेच, पण मला ते "त्याचं बघा" खटकतंय. त्याचं म्हणजे कोणाचं?

खिडकीपाशी
अच्छा, हो. घरी एक ससा आहे. नर, दीड वर्षाचा. शेजारचे दुबईला गेले तेव्हा पिंजऱ्यासकट देऊन गेले. तो एकटा पडतो म्हणून तर दुसरी आणायचीय! त्याचा काही त्रास नाही, पिंजऱ्यातच असतो, म्हणून फॉर्ममध्ये वेगळं लिहिलं नव्हतं, कॉलवर दिसला त्यांना.

वांगीभात
मग सगळं आलं त्यात. त्याचं न्यूटरिंग, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन, झालंय का? पिंजऱ्याची खालची बाजू जाळीची आहे का? काय खातो?

खिडकीपाशी
न्यूटरिंग नाही झालेलं. बाहेर काढला की माझ्या पायाभोवती गोल गोल फिरतो, घूं घूं आवाज करतो, आम्हाला वाटायचं लाडात येतो. पडद्यावर शू उडवतो. खाली जाळीच आहे, घाण खाली पडावी म्हणून. खातो गाजर, पोळी, बिस्कीट, काकडी. आत्ता उचलून बघितलं तर मागच्या पायांच्या टाचांवरचे केस गेलेत आणि कातडी लाल आहे. हे कधीपासून आहे मला माहीतच नाही. खूप वाईट वाटतंय.

वांगीभात
वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही उचलून बघितलंत. जाळीवर बसून टाचा सोलवटतात. आजच जाळीवर पुठ्ठा आणि वर जुना टॉवेल घाला, शक्य तितका वेळ मोकळा ठेवा, वायरी तेवढ्या झाका. पोळी-बिस्कीट बंद. मुख्य खाणं सुकं गवत, चोवीस तास समोर, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. हळूहळू बदला. गाजर म्हणजे मिठाई, एखादी चकती.
आणि गोल फिरणं, शू उडवणं हे वयात आल्याचं आहे. असा नर असताना शेल्टर मादी देणारच नाही, द्यायलाही नको.

जुनाजोगेश्वरीकर
मुक्या जिवावर कशाला कापाकापी? निसर्गाने दिलंय ते राहू द्या. मादी येईल, शांत होईल आपोआप.

विरारलोकल
निसर्गात तो २BHKमध्ये नसतो काका. ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण खूप आहे. शेल्टरच्या मादीचं बहुतेक झालेलं असेल, विचारून घ्या. तिला पिल्लं होणार नसली तरी न्यूटर न केलेला नर तिचा पिच्छा पुरवणार, मग मारामारी. ससे चावतात तेव्हा तुकडा पडतो.

जुनाजोगेश्वरीकर
बरं, पटलं थोडं. आमच्याकडे रानातला ससा पण पाळलेला एकाने, तो मात्र टिकला नाही.

वांगीभात
टिकणार नाही. तो वेगळाच प्राणी, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, पाळता येत नाही. धाग्यावर येऊ.

गच्चीबाग
दूर्वा चालतात का सशाला? आमच्याकडे गणपतीत ढीगभर उरतात.

विरारलोकल
चालतात, आवडीने खातो. पण हार-फुलांबरोबरच्या नकोत, फवारलेल्या असतात. धुऊन द्या.

खिडकीपाशी
आज रेस्क्यूवाल्या ताईंना फोन केला. अगदी हेच म्हणाल्या, आधी नराचं ऑपरेशन, त्यानंतर किमान महिना-दीड महिना थांबायचं, कारण ऑपरेशननंतरही काही आठवडे तो बाप होऊ शकतो. तोवर मादी त्यांच्याकडेच राहील, दुसऱ्या कोणाला देणार नाहीत असं कबूल केलंय. मग आधी एकमेकांचे टॉवेल बदलून वास ओळखीचा करायचा, मधे जाळी ठेवून, मग दोघांना नवीन जागी भेटवायचं. डॉक्टर कुठे शोधू?

जुनाजोगेश्वरीकर
परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे की. त्याच आवारात १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज.

वांगीभात
हे मात्र बरोबर. पण कुठेही जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा, सशांची ऑपरेशनं नेहमी करता का. कुत्र्या-मांजराचे डॉक्टर चांगले असले तरी सशाची भूल वेगळी, औषधंही वेगळी. कुत्र्याचं फिप्रोनिलवालं पिसवांचं औषध सशाला लावलं तर जीव जाऊ शकतो.

खिडकीपाशी
मिळाले डॉक्टर, सशांची ऑपरेशनं करणारे. गुरुवारी सकाळी नऊची वेळ. पुठ्ठा घातलाय, रात्रभर टॉवेलवर पसरून झोपला, पाय लांब करून, असा कधी बघितलाच नव्हता. एक शेवटचं, ऑपरेशन आहे म्हणून बुधवारी रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना?

वांगीभात
नाही! सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे माणसासारखं उपाशी ठेवायची गरज नसते आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात. जाईपर्यंत गवत समोर राहू दे. कोणी उपाशी आणा म्हणालं तर का ते नीट विचारा. बरोबर डब्यात कोथिंबिरीची जुडी घेऊन जा, शुद्धीवर आला की नाकासमोर धरायची. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही किंवा लेंड्या झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना फोन.

खिडकीपाशी
कोथिंबीर बुधवारीच आणून ठेवते. गुरुवारी रात्री इथेच लिहीन.