गरज नसताना जीएसटी नंबर काढून ठेवावा का? कोकणातल्या छोट्या धंद्यांसाठी चर्चा

रेडीचा_किनारा

बचत गटाची बैठक असो, उद्योजकता शिबिर असो, हल्ली तर लग्नाच्या पंगतीतही एकच सल्ला ऐकू येतो: "छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी काढलीस ना? मग जीएसटीचा नंबरपण काढून ठेव, पुढे उपयोगी पडेल." काढायला फी नाही, हे त्याच्या जोडीला सांगतात. खरंच नाही. फी नंतर चालू होते.

माझं मत: कायद्याने बंधनकारक होईपर्यंत नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत. आपल्याकडे घरच्या घरी लोणचं, आंबापोळी, फणसपोळी करणाऱ्या किती जणी 40 लाखांच्या जवळपास तरी जातात? पण एकदा स्वखुशीने नंबर घेतला की ती मर्यादा तुमच्यासाठी संपली. पहिल्या रुपयापासून कर लावायचा, आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं. आपला धंदा मार्च ते जून. जुलै ते फेब्रुवारी काय भरणार? निल. ते भरायला विसरलात तर दिवसाला 20 रुपये, एका रिटर्नला कमाल 500. तिमाही रिटर्न निवडलं तरी जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) आणि 3बी (कराचा गोषवारा) मिळून वर्षाची आठ होतात, म्हणजे काहीही न विकता 4,000 पर्यंत दंड. त्याशिवाय कर सल्लागाराची फी, आणि व्यवसाय कराचे वर्षाला 2,500. हे व्यवसाय कराचं शिबिरात कोणी सांगत नाही.

दुकानावर "जीएसटीआयएन 27..." असा बोर्ड लागला की धंदा मोठा दिसतो, एवढ्यासाठी हे करायचं?

पावस_कॅनिंग

सहमत नाही. तुम्ही फक्त एसटी स्टँडवर पाकीट विकणाऱ्याचा विचार केलात. माझं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूरचा आइस्क्रीमवाला आणि पुण्याचा मिठाईवाला. त्यांना कराचं बिल हवं असतं, कारण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या भरायच्या करातून वजा होतो. बिनानंबरवाल्याकडून घेतलं तर क्रेडिट नाही, मग ते भाव पाडून मागतात किंवा सरळ दुसरीकडे जातात. नंबर नसलेला कॅनिंगवाला शेवटी नंबर असलेल्या व्यापाऱ्यालाच माल घालतो आणि वरचा मलिदा तो व्यापारी खातो. कोकणाचं पिढ्यानपिढ्या हेच चाललंय ना? माल आपला, नाव वाशीचं.

आता हिशेब. पल्पर (गर काढायचं यंत्र) आणि बॉयलर मिळून 4 लाखांची यंत्रं घेतली तर 18 टक्क्यांनी 72,000 कर जातो. नंबर असेल तर तो क्रेडिटला येतो, नसेल तर खर्चात बुडाला. पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या यांवर 18 टक्के. आमचा आंब्याचा पल्प 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे भरायचा कर कमी, मिळणारं क्रेडिट जास्त, आणि कच्च्या मालावरचं साचलेलं क्रेडिट परताव्यात मागता येतं.

आणि राज्याबाहेरचं काय? करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल एक लाख असो की एक हजार, नोंदणी सक्तीची आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाने माल बांद्यापर्यंत न्यायचा आणि पत्रादेवीला थांबायचं?

दर्यावर्दी_तारकर्ली

पावसवाल्यांचा बरोबर असात, पण तां कारखानदाराचा. माझ्यो चार खोल्यो. धंदो दिवाळी ते मे, पावसात दर्यो बंद तर पर्यटकय बंद. खोलयेचो दर 7,500 च्या खाली असलो तर आता 5 टक्के, पण त्येच्यात क्रेडिट अजिबात नाय. एसी घेवा, गाद्यो घेवा, सोलार लावा, त्येचो कर तुमच्याच डोक्यार. मगे नंबर काढून माका मिळतला काय? ऑनलाइन बुकिंगवाले तर आपलो नंबर नसलो तरी कर गिऱ्हाईकाकडसून घेतत आणि आपणच भरतत. माझा मत रेडीवाल्यांका.

हिशेबवही_कुडाळ

मी हाच धंदा करतो, म्हणजे लोकांची रिटर्न्स भरतो, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. तरीही दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय.

तारकर्लीकरांचा बुकिंगचा मुद्दा बरोबर आहे. नोंदणीला पात्र नसलेल्याच्या खोलीवरचा कर प्लॅटफॉर्मने भरायचा, अशी कायद्यात सोय आहे. पण ती बुकिंगची रक्कम तुमच्या 20 लाखांत मोजली जाते. "कर त्यांनी भरला, माझा संबंध नाही" असं नाही. शिवाय 40 लाखांची सवलत फक्त वस्तू विकणाऱ्याला आहे. खोल्याही चालवता आणि अंगणात कोकम, काजूही विकता, तर तुमची मर्यादा 20 लाख.

रेडीकर म्हणतात तसं 40 लाख लांब वाटतात, पण उलाढाल पॅननुसार एकत्र मोजतात आणि त्यात करमाफ विक्रीही धरतात. ताजा आंबा करमाफ. स्वतःच्या बागेतला आंबा शेतकरी म्हणून विकलात तर नोंदणीचा प्रश्न येत नाही. फक्त ताज्या आंब्याचा व्यापार असेल तरीही नाही, अगदी बंगळुरूला पेट्या पाठवल्यात तरी नाही. पण शेजाऱ्यांच्या बागा करारावर घेऊन 33 लाखांचा ताजा आंबा विकला आणि त्याच पॅनवर 8 लाखांचा पल्प विकला, तर बेरीज 41 लाख झाली. पल्प 8 लाखांचाच आहे म्हणून निर्धास्त बसणारे बरेच आहेत. मर्यादा ओलांडल्यावर 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. वेळेत केलात तर कर लागू होण्याच्या आदल्या दिवशी हातात असलेल्या मालावरचं क्रेडिटही मिळतं.

काजूवाल्यांसाठी: शेतकऱ्याने कच्ची बी नोंदणीकृत कारखान्याला घातली तर 5 टक्के कर कारखान्याने भरायचा असतो. त्यासाठी शेतकऱ्याने नंबर काढू नये. कोणी मागत असेल तर तो स्वतःचं ओझं तुमच्यावर टाकतोय.

मधला मार्ग म्हणून कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना आहे. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला 1 टक्का, खानावळीला 5. तिमाही चलन, वर्षाला एक रिटर्न. पण त्यात बिलावर कर दाखवता येत नाही, क्रेडिट नाही आणि राज्याबाहेर विक्री नाही. म्हणजे पावसकरांच्या काही कामाचं नाही. मालवणच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला मात्र उत्तम.

रेडीचा_किनारा

कुडाळकर, कंपोझिशनवालाही शेवटी नोंदणीकृतच झाला की. मुद्दा तोच: मागे लागणारं काम.

खारेपाटण_फाटा

नंबर घ्यावा की नाही यापेक्षा मोठा घोळ नंबर घेतल्यावर होतो, त्यावर कोणीच बोलत नाही.

आमच्या भागात दहा दुकानदारांना विचारा, "तुझं सर्टिफिकेट दाखव." तीन जण भिंतीकडे बोट दाखवतील, बाकीचे म्हणतील, "आमच्या माणसाकडे असेल." हे सर्टिफिकेट पोस्टाने येत नाही, पोर्टलवरून स्वतः उतरवून घ्यायचं असतं, आणि धंद्याच्या जागी लावणं बंधनकारक आहे. जिथे जिथे गोदाम किंवा दुसरं दुकान नोंदवलंय तिथेही प्रत लावायची. पण लॉगिनच दुकानदाराकडे नसतं! अर्ज करताना मोबाइल आणि ईमेल सल्लागाराचा घातलेला असतो. ओटीपी त्याला, निरोप त्याला, नोटीसही त्यालाच. तो मुंबईला गेला, आजारी पडला किंवा फीवरून बिनसलं, की दुकानदार आंधळा. माझ्या नात्यात एकाची नोंदणी रद्द झाली आणि त्याला ते घाऊक व्यापाऱ्याकडून कळलं, "तुझ्या नंबरवर बिल निघत नाही" म्हणून. सल्लागाराने दोन तिमाह्यांची रिटर्न्स भरलीच नव्हती. तिमाही रिटर्नवाल्याची नोंदणी रद्द करायला तेवढं पुरतं.

नंबर घेणाऱ्याला माझं म्हणणं एवढंच. मोबाइल आणि ईमेल स्वतःचा, नाहीतर मुलीचा किंवा मुलाचा घाला. आधी चुकीचा घातला असेल तर दुरुस्ती करून घ्या. बँक खातं 30 दिवसांच्या आत किंवा पहिल्या जीएसटीआर-1 च्या आधी, जे आधी येईल तेव्हा, नोंदवा, नाहीतर नोंदणी निलंबित होते. महिन्यातून एकदा पोर्टलवर नोटिसांची पानं बघा. दोन पानं आहेत, आणि "अतिरिक्त नोटिसा" हे दुसरं पान कोणीच उघडत नाही. विक्री शून्य असेल तर निल रिटर्न 14409 ला एसएमएस करूनही भरता येतं. त्यासाठी सल्लागाराला फी कशाला द्यायची?

पावस_कॅनिंग

खारेपाटणकरांना पूर्ण अनुमोदन. पण हा नंबर न घेण्याचा मुद्दा नाही, नीट सांभाळण्याचा आहे. विहिरीत कोणी पडतं म्हणून आपण विहीर खणायचं सोडत नाही.

रेडीचा_किनारा

पण विहीर खणायच्या आधी पाणी लागतंय का ते तरी बघाल ना? वर्षाला 3 लाखांच्या आंबापोळीला कसलं क्रेडिट लागतंय?

चितारआळी

मी सावंतवाडीची. आमच्या घरी लाकडी खेळणी आणि फळं रंगवण्याचं काम चालतं. मडगाव, बेळगावहून मागणी येते, आणि "राज्याबाहेर म्हणजे नंबर लागणारच" हे ऐकून आमच्या आळीतल्या दोघांनी गोव्याच्या दुकानांना नाही म्हटलं. पण हस्तकलेसाठी वेगळी सूट आहे. हाताने केलेली ठरावीक वस्तू, उलाढाल मर्यादेच्या आत, जवळ पॅन आणि मालासोबत ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) एवढं असेल तर राज्याबाहेर विक्रीलाही नोंदणी लागत नाही. त्या वस्तूंच्या सरकारी यादीत लाकडी खेळण्यांपुढे सावंतवाडीचं नाव छापलेलं आहे, चन्नपट्टणच्या बरोबरीने.

म्हणून मी रेडीकरांच्या बाजूची, पण कारण वेगळं. नंबर घ्यायच्या आधी आपल्या वस्तूला काय लागू आहे ते शोधा. शिबिरात सगळ्यांना एकच साचा देतात. पल्पवाली, खेळणीवाली, मासळीवाली सगळ्या एका रांगेत.

हिशेबवही_कुडाळ

बरोबर. फक्त एक काळजी घ्या: खेळण्यांबरोबर कारखान्यात बनलेला माल आणून विकलात तर त्या मालाला ही सूट नाही.

दाभोळ_जेटी

मला नंबर घ्यायचाच आहे, त्यामुळे वरच्या भांडणात पडत नाही. अडचण जागेची आहे. घर आजोबांच्या नावावर, ते वारले. लाइट बिलावर अजून तेच. सातबारावर चुलत्यांसकट पंधरा नावं, निम्मे अंधेरी-डोंबिवलीला. सल्लागार म्हणतो सगळ्यांच्या सह्या आणा, सगळ्यांचे फोटो आणि पॅन आणा. गणपतीला सगळे येतील तेव्हाच जमेल असं दिसतंय.

रेडीचा_किनारा

बघा. फी नाही म्हणे.

हिशेबवही_कुडाळ

रेडीकर, लगेच खूश होऊ नका. दाभोळकर, सातबारा विसरा, तो जमिनीचा. तुम्हाला धंद्याच्या जागेचा पुरावा हवाय. ग्रामपंचायतीची असेसमेंट (घरपट्टीची नोंद) कोणाच्या नावावर आहे ते बघा. तुमच्या नावावर असेल तर चालू घरपट्टीची पावती एवढंच पुरतं. वडिलांच्या किंवा एखाद्या हयात काकांच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावर संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि ती पावती. 17 एप्रिल 2025 च्या केंद्राच्या सूचनेत हे स्पष्ट लिहिलंय, आणि जागामालकाचे पॅन, आधार, फोटो असे जादा कागद मागू नयेत असंही म्हटलंय. ती सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. अर्ज राज्याकडे गेला तर त्यांच्यावर ती बंधनकारक नाही, पण अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तरात तिचा उल्लेख करायला हरकत नाही. उत्तर द्यायला सात कामकाजाचे दिवस मिळतात, ते चुकवू नका.

असेसमेंटही अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी ग्रामपंचायतीत वारस नोंद करून घ्या. मृताच्या नावाचं बिल जोडून अर्ज टाकलात तर संमती कोणाची, हा प्रश्न येणारच. कागद सरळ असले, आधार पडताळणी झाली आणि नोंदणीकृत गिऱ्हाइकांना लावायचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असणार असेल, तर 1 नोव्हेंबर 2025 पासून तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देण्याची सोय आहे. अर्जात तो पर्याय निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही.

दाभोळ_जेटी

असेसमेंट थोरल्या काकांच्या नावावर आहे. काका दापोलीलाच असतात. उद्याच जातो.

दर्यावर्दी_तारकर्ली

काकांका सांगा, सही आजच देवा, गणपतीपर्यंत भावकीत कोण कोणाशी बोलता तां सांगूक येणा नाय.